गोल गाय

माझ्या बोटांना एक जुनं पाठांतर आहे. टॅब, टॅब, स्पेस, एफ १२. टॅब, एंटर, एफ १२. रोज रामरक्षा म्हणणाऱ्याची जीभ जशी मन दुसरीकडे असलं तरी अडखळत नाही, तशी माझी बोटं चालायची. २००३-०४ साली एका तालुक्याच्या गावातल्या तंत्रनिकेतनात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. आमच्याकडे चाळीस संगणक होते आणि विंडोजऐवजी चालणाऱ्या 'रेड हॅट लिनक्स ९' या ऑपरेटिंग सिस्टिमच्या तीन सीड्या. चाळिसांपैकी आठ-दहा मॉनिटर कायम बिघडलेले. त्यामुळे काही यंत्रांवर मी पडदा न बघताच लिनक्स टाकलेलं आहे. सीडीचा ट्रे बाहेर आला की पुढची सीडी घालायची. आवाजावरून कळायचं, कुठवर आलंय ते. आजही पाव्हण्यांत विषय निघाला की मी ही गोष्ट सांगतो, आणि बायको पाणी आणायला उठते.

लिनक्स यंत्रावर बसवून देणाऱ्या त्या प्रोग्रॅमचं, म्हणजे इन्स्टॉलरचं, नाव अ‍ॅनाकोंडा. १९९९ मध्ये रेड हॅट ६.१ बरोबर तो आला. त्या काळी कॅल्डेरा नावाच्या दुसऱ्या एका लिनक्सच्या इन्स्टॉलरला 'लिझर्ड' म्हणत; सरड्याला गिळणारा साप म्हणून हा अ‍ॅनाकोंडा, असं सांगतात. त्याची रचना सप्तपदीसारखी होती. भाषा, कीबोर्ड, माउस (हो, माउसची जातसुद्धा निवडावी लागायची), मग डिस्क, मग फायरवॉल, मग पासवर्ड. तिसरं पाऊल टाकल्याशिवाय पाचवं टाकता यायचं नाही. डिस्कच्या टप्प्याला दोन वाटा असायच्या: तूच काय ते कर बाबा, किंवा 'डिस्क ड्रुइड'. ड्रुइडमध्ये वर डिस्कचं चित्र असायचं, आडव्या पट्टीसारखं, आणि त्यावर तुकडे पाडलेले. कोणता तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, शेजारी कोण आहे, सगळं दिसायचं. मला त्या पट्टीचा फार आधार वाटे.

मग रेड हॅटच्या पाठबळावर चालणाऱ्या फेडोरा लिनक्सची अठरावी आवृत्ती, फेडोरा १८, आली.

ती यायची होती नोव्हेंबर २०१२ मध्ये. आज येते, उद्या येते करत उगवली १५ जानेवारी २०१३ ला, आणि हा उशीर मुख्यतः इन्स्टॉलरपायी झाला. अ‍ॅनाकोंडाचा चेहराच नव्हे, आतलं बरंचसं लिखाण नव्याने केलं होतं. सप्तपदी गेली. तिच्या जागी बैलगाडीच्या चाकासारखी मांडणी आली: मधे तुंबा, म्हणजे एक मुख्य स्क्रीन, आणि त्यातून निघणारे आरे. एक आरा तारीख-वेळेचा, एक कीबोर्डचा, एक डिस्कचा. हव्या त्या आऱ्यात जा, काम कर, तुंब्यात परत ये. ज्या आऱ्यात काही ठरवायचं बाकी आहे, त्याच्यावर नारिंगी त्रिकोण. सगळे त्रिकोण गेले की 'इन्स्टॉलेशन सुरू करा' हे बटण जागं होणार.

कल्पना वाईट नव्हती. आज मी हे म्हणू शकतो. तेव्हा नव्हतो म्हणत.

त्या आवृत्तीचं टोपणनाव होतं 'स्फेरिकल काऊ', गोल गाय. नाव मतदानाने ठरलेलं, इन्स्टॉलरशी त्याचा काडीचा संबंध नाही. हा भौतिकशास्त्रातला जुना विनोद आहे. गाई दूध कमी देतात म्हणून शेतकरी एका शास्त्रज्ञाला बोलावतो. शास्त्रज्ञ बराच विचार करून फळ्याशी जातो आणि म्हणतो, "समजा, गाय गोल आहे आणि निर्वात पोकळीत आहे..." गणित सोपं व्हावं म्हणून त्याने गाईचे पाय, शिंगं, शेपूट सगळं काढून टाकलेलं असतं. पुढच्या वर्षभरात जे वाद मी वाचले आणि ज्यांत मी स्वतः तोंड घातलं, त्या सगळ्यांवर हे नाव इतकं चपखल बसलं की मतदान करणाऱ्यांना भविष्य दिसलं होतं की काय असं वाटावं.

पहिलं भांडण 'डन' बटणावरून. आऱ्यातून बाहेर पडायचं बटण त्यांनी वर, डाव्या कोपऱ्यात नेलं. वर्षानुवर्षं 'पुढे' हे बटण खाली उजवीकडे बघायची सवय झालेले लोक तिथे डोळे लावून बसले आणि तिथे काही नाही म्हटल्यावर चिडले. चेष्टा करण्यासारखी गोष्ट आहे, पण तुमच्या घरातला दिव्याचा खटका कुणी एका रात्रीत दुसऱ्या भिंतीवर नेऊन पाहावा.

दुसरं भांडण खरं होतं. डिस्कची ती पट्टी गेली. हे समजावून सांगायला मला जमिनीचीच भाषा सुचते. जुन्या ड्रुइडमध्ये मोजणीचा नकाशा होता: हा गट, हा बांध, हा शेजारी. नव्या स्क्रीनवर आठ-अ चा उतारा होता: या खातेदाराच्या नावावर एवढं एवढं. म्हणजे या यंत्रावर कोणकोणत्या ऑपरेटिंग सिस्टिम आहेत आणि त्यातल्या प्रत्येकीकडे काय काय आहे, अशी यादी. नव्याने येणाऱ्याला उताराच कळतो, त्याला आपल्या नावावर काय लागलं एवढंच बघायचं असतं. पण ज्याच्या जमिनीत आधीच दोन भाऊ आणि एक चुलता आहे, त्याला नकाशा लागतो. बांध दोन फूट सरकला तर काय होतं हे त्याने पाहिलेलं असतं. तसा नकाशा पुढे २०१७ मध्ये, सव्विसाव्या आवृत्तीत, 'ब्लिवेट-जीयूआय' या नावाने वेगळा पर्याय म्हणून परत आला. मधली चार वर्षं माझ्यासारखे लोक धुमसत होते.

शिवाय जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जायची सोय इन्स्टॉलरमधून काढून वेगळ्या साधनाकडे दिली होती, आणि ते साधनही कोरं करकरीत. लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, पहिल्या फळीत काम केलेला, पूर्वी रेड हॅटमध्येच असलेला अ‍ॅलन कॉक्स याने नवा इन्स्टॉलर वापरण्याजोगा नाही असं जाहीरपणे म्हटलं आणि तो उबुंटूकडे गेला. आमच्यासारख्यांना तर बळच मिळालं. एवढा मोठा माणूस म्हणतोय तर आपलं काय चुकलं! मीही एक लांबलचक पत्र लिहून कळवलं. इंग्रजीत, शब्दकोश शेजारी ठेवून. त्यात चौदा मुद्दे होते. त्यातले अकरा आज मला सांगायची लाज वाटते, कारण ते सगळे 'माझ्या बोटांना हे ठाऊक नाही' याच एका मुद्द्याचे अवतार होते.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय होतं? जुना कोड एक तपाहून जास्त काळ ठिगळं लावत चालला होता. त्यात रेड (अनेक डिस्का एकत्र जोडणं), एलव्हीएम, नेटवर्कवरच्या डिस्का, बीटीआरएफएस असे डिस्क मांडायचे नवे नवे प्रकार कोंबले जात होते. सप्तपदीच्या रचनेत मागे जाऊन एक उत्तर बदललं की पुढची सगळी उत्तरं डळमळायची. आणि अ‍ॅनाकोंडा एकट्या फेडोराचा नाही. तोच इन्स्टॉलर रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्समध्ये जातो. हीच नवी रचना जून २०१४ मध्ये त्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर, आरएचईएल ७ बरोबर, बाहेर पडली. तिथला ग्राहक एका वेळी शेकडो सर्व्हर उभे करतो. मौज अशी की तो ग्राहक हे स्क्रीन कधी पाहतच नाही. त्याच्याकडे किकस्टार्टची फाईल असते. सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली, विहिणीने याद्या पाठवाव्यात तशी. इन्स्टॉलर ती वाचतो आणि मुकाट कामाला लागतो. (ही सोय मी पडदा न बघता लिनक्स टाकत होतो तेव्हाही होती. मला ती तीन वर्षांनी कळली. हा भाग मी पाव्हण्यांना सांगत नाही.)

म्हणजे पाहा. जो हजार वेळा इन्स्टॉल करतो त्याला स्क्रीन दिसत नाही. जो आयुष्यात एकदाच करणार, तो ते करून मोकळा होतो आणि पुन्हा कधी त्याविषयी बोलायला येत नाही. मग भांडायला उरतो कोण? दर सहा महिन्यांनी हौसेने नवी आवृत्ती टाकणारा, अर्ध्या रात्री पेनड्राइव्ह घेऊन बसणारा. म्हणजे मी. दरवाजा कसा असावा यावर सगळ्यात जास्त मतं असलेला माणूस, जो उंबऱ्यावरच राहतो.

आणि प्रत्येकाची आपापली गोल गाय. आराखडा करणाऱ्यांची गाय: एक लॅपटॉप, एक डिस्क, पार्टिशन (डिस्कचा तुकडा) म्हणजे काय हे ठाऊक नसलेला आणि जाणून घ्यायची इच्छाही नसलेला माणूस. विरोध करणाऱ्यांची गाय: तीन डिस्का, रेड, स्वतःच्या फायलींसाठी वेगळं 'होम', शिवाय आधीच्या दोन ऑपरेटिंग सिस्टिम. दोन्ही गाई गुळगुळीत. कुणाच्याही गाईला शेण नाही की गोचीड नाही.

पाय असलेली, शिंगं असलेली गाय मी पाहिली ती २०१४ च्या मे महिन्यात.

एप्रिलच्या ८ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला सोडचिठ्ठी दिली होती. आमच्या ग्रंथालयात एक्सपीची दोन म्हातारी यंत्रं होती, त्यांवर लिनक्स टाकायचं ठरलं. नवी विंडोज त्यांना पेलली नसती, आणि पैसे नव्हतेच. मी फेडोरा २० चा, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवाला पेनड्राइव्ह बनवून नेला. ग्रंथपाल मॅडम तेव्हा पंचावन्नच्या. म्हणाल्या, "सर, एक यंत्र तुम्ही करा, दुसरं मी करते. तुम्ही रजेवर असलात की माझं अडतं." मला मनातून आनंदच झाला. चौदा मुद्द्यांना पुरावा मिळणार होता. म्हटलं, करा, मी शेजारी बसतो, एक शब्द बोलणार नाही.

पहिलाच स्क्रीन भाषेचा. लांब यादीत त्यांना 'मराठी' दिसलं. "अय्या, आहे की!" त्यांनी ते निवडलं, क्षणभर पाहिलं, आणि परत इंग्लिशवर आल्या. मी गप्प राहायचं विसरून विचारलं, का हो? "मला कुठे अडलं तर मी तुम्हाला फोन करणार. फोनवर मी मराठीतलं वाचून दाखवलं तर तुम्हाला कळणार आहे का, ते कोणतं बटण?" मला कळलं नसतं. मी ते मराठी कधी उघडूनही पाहिलं नव्हतं.

मग तुंबा आला. नारिंगी त्रिकोण पाहून त्या दचकल्या. "काही बिघडलं का?" त्रिकोणाचा अर्थ 'इथे अजून यायचंय' एवढाच होता, पण नारिंगी रंगात उद्गारचिन्ह म्हणजे धोका हे त्यांना गॅस सिलिंडरपासून एसटीच्या मागच्या काचेपर्यंत सगळ्यांनी शिकवलेलं. त्यांनी त्रिकोण बाजूला ठेवला आणि आधी तारीख-वेळेच्या आऱ्यात गेल्या. तिथे जगाचा नकाशा. त्या मुंबई शोधू लागल्या. नाही. पुणे? नाही. दिल्ली तरी? संगणकांच्या जगात वेळेचे पट्टे शहरांच्या नावाने ओळखले जातात आणि अख्ख्या भारतासाठी तिथे एकच नाव आहे: एशिया/कोलकाता. पाच मिनिटं गेली त्यात. चौदा मुद्द्यांत कोलकाता नव्हतं. त्या आराखड्याच्या बाजूने आणि विरोधात मी जे जे वाचलं, त्यातही कुठे नव्हतं.

तिथून बाहेर पडायचं होतं. मी श्वास रोखून बसलो. आता ह्या खाली उजवीकडे बघणार, गोंधळणार आणि माझा पहिला मुद्दा सिद्ध होणार. मॅडमनी वर डावीकडचं 'डन' दाबलं. त्यांना ते शोधावंही लागलं नाही. त्या स्क्रीन पानासारखं वाचत होत्या, वरून, डावीकडून. तीस वर्षं पुस्तकांत गेलेली बाई.

मग डिस्क. ग्रंथालयाच्या सगळ्या पुस्तकांची यादी आणि वर्गणीदारांची नोंद 'डी'मध्ये होती. तिला धक्का लागून चालणार नव्हतं. इन्स्टॉलर म्हणाला, जागा पुरेशी नाही, 'रिक्लेम स्पेस' करा. मॅडमचा चेहरा उजळला. "रिक्लेम म्हणजे आपलंच आपल्याला परत मिळणार, ना?" माझ्या डोळ्यांसमोर बांद्रा रेक्लमेशन आलं, समुद्र हटवून मिळवलेली जमीन, जिथे आधी समुद्र होता हे आता कुणाला आठवतही नाही. पुढच्या खिडकीत तुकड्यांची यादी: एसडीए१, एसडीए५. प्रत्येकापुढे ठेवायचा, लहान करायचा की पुसायचा ते ठरवायचं. मॅडमनी विचारलं, "यात डी कुठंय?"

हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलेलाच नव्हता. लिनक्सला 'सी' आणि 'डी' ठाऊक नाहीत, ती विंडोजची घरगुती नावं आहेत. ज्या माणसाला डिस्कबद्दल फक्त एक गोष्ट ठाऊक आहे, की माझं सगळं डीमध्ये आहे, त्याला नेमकी तीच एक गोष्ट जुन्या पट्टीतही दिसली नसती आणि नव्या यादीतही दिसत नव्हती. नकाशा की उतारा यावर आम्ही वर्षभर रान पेटवलं होतं, आणि इथे खातेदाराचं नावच निराळं.

त्या दोन-चार क्षण थांबल्या. मग म्हणाल्या, "डीपुढे पंचावन्न लिहिलेलं असायचं. म्हणजे हा पाचवाला." बरोबर होतं. पण हात निघाला एसडीए५ निवडून पुसायच्या पर्यायाकडे, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे त्या डी 'परत मिळवत' होत्या. मी म्हटलं, "मॅडम, हात काढा माउसवरून." मौन तिथे मोडलं. डीची प्रत मी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती, पण ते त्यांना सांगितलं नव्हतं. तपासणी खरी व्हावी म्हणून असं मी स्वतःला सांगत होतो. त्यांना नंतर कळलं तेव्हा त्या चिडल्या, आणि चिडायलाच हवं होतं.

पुढचं सरळ झालं. फायली उतरत असतानाच पासवर्ड विचारणारा आरा आला. 'रूट पासवर्ड' वाचून त्या म्हणाल्या, "रूट म्हणजे एसटीचा असतो तो?" मी म्हटलं, मूळ. "मग मूळ म्हणा ना." त्यांनी छोटासा पासवर्ड दिला, इन्स्टॉलरने तो कच्चा आहे म्हणून कुरकुर केली आणि खरंच हाच हवा असेल तर 'डन' दोनदा दाबा म्हणाला. त्यांनी दोनदा दाबलं. तेवढ्या वेळात एका देवघेव कार्डाच्या मागे त्या बारीक अक्षरात काहीतरी टिपत होत्या.

त्या दोनदा दाबण्यावरून पुढच्याच वर्षी पुन्हा रणकंदन झालं. २०१५ च्या सुरुवातीला, बावीसाव्या आवृत्तीची तयारी चालू असताना, अ‍ॅनाकोंडाच्या लोकांनी ती पळवाट बंद केली: पासवर्ड भक्कम नसेल तर पुढे जाताच येणार नाही. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच. पण घरातल्या चाचणीच्या यंत्राला, तासाभरात पुसून टाकायच्या आभासी यंत्राला भक्कम पासवर्ड कशाला, म्हणून लोक उठले. प्रकरण फेडोराच्या तांत्रिक समितीपर्यंत गेलं आणि दोनदा दाबायची सोय परत आली. मी त्या वेळी पत्र लिहिलं नाही. नक्की कुणाच्या बाजूने लिहायचं हेच ठरेना. मॅडमच्या पासवर्डमध्ये त्यांच्या नातीचं नाव होतं.

एक गोष्ट मात्र त्या मे महिन्यानंतर मी ठामपणे बोलू लागलो. आमच्या जुन्या जाणत्यांत एक फॅशन आहे: 'चित्रंबित्रं कशाला? साधा काळा-निळा टेक्स्ट इन्स्टॉलर पुरे, माणूस विचार करून उत्तर देतो.' मीही तसं म्हणायचो. एफ १२ चा भक्त मी. पण लिनक्सच्या साध्या कन्सोलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, नीट देवनागरी उमटत नाही. तिथे जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृतींची जागा. 'क्ष', 'ज्ञ', 'र्‍य', वेलांट्या आणि त्यांच्या जोडण्या तिथे मांडायला कुणी बसलेलं नाही. डेबियन या आणखी एका लिनक्सचा इन्स्टॉलर पाहा. २००५ मध्ये सार्ज या आवृत्तीबरोबर तो नव्याने लिहिला गेला, आणि टेक्स्टमध्ये तो इतका नेटका होता की आजही त्याचा चेहरा फारसा बदललेला नाही. पण मराठीत डेबियन बसवायची वाट उघडली ती एप्रिल २००७ च्या 'एच' (Etch) या आवृत्तीबरोबर त्याला चित्रमय स्क्रीन मिळाला म्हणून. तेव्हा ५८ भाषा झाल्या, आणि मराठी आली ती त्यापुढच्या, फेब्रुवारी २००९ च्या लेनीबरोबर. आजही तिथे टेक्स्टची वाट धरली की भाषांच्या यादीतून मराठी गायब होते. 'चित्रं कशाला' या प्रश्नाचं उत्तर इंग्रजी येणाऱ्यासाठी वेगळं आहे आणि माझ्या आईसाठी वेगळं.

पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयात भारतीय भाषांचं बरंच काम झालं; लोहित हा फाँट त्यातलाच, आणि लोहित म्हणजे तांबडा हे वेगळं सांगायला नको. त्या वातावरणात एकदा रविवारी सात-आठ हौशी लोक भाषांतराला जमलो होतो. सकाळचे दोन तास 'पार्टिशन'वर गेले. एक जण म्हणे विभाजन. एक म्हणे भाग. एक आजोबा बसले होते, ते म्हणाले, "पार्टिशन म्हणजे फाळणी." सगळे हसले, ते हसले नाहीत. मी 'वाटणी' सुचवलं आणि अजूनही मला तोच शब्द बरोबर वाटतो. वाटणी म्हटलं की मराठी माणूस आपोआप सावध होतो. सही करण्यापूर्वी दोनदा वाचतो. बहुमत 'विभाजन'कडे गेलं. मग वडापाव आले.

डेबियनवाल्यांचं मोठं भांडण निराळंच होतं, चेहऱ्याचं नव्हे, शिदोरीचं. वायफायच्या चिपला लागणारं बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, इन्स्टॉलरबरोबर द्यायचं की नाही. तत्त्वाला धरून ते देत नसत, आणि त्यामुळे लॅपटॉपवर डेबियन टाकताना इंटरनेट नाही, आणि ते चालू करायला लागणारी फाईल इंटरनेटवर, अशी अवस्था. २०२२ मध्ये त्यांनी रीतसर मतदान घेतलं, त्यासाठी आपल्या सामाजिक करारात वाक्य घातलं, आणि जून २०२३ च्या बुकवर्म या आवृत्तीपासून ते फर्मवेअर आत आलं. मला या लोकांचं कौतुक वाटतं. एका फाईलसाठी घटनादुरुस्ती करणारी माणसं आता कुठे मिळतात?

फेडोराकडे परत यायचं तर चाक पुन्हा फिरलं. १५ एप्रिल २०२५ ला आलेल्या फेडोरा ४२ च्या वर्कस्टेशनमध्ये अ‍ॅनाकोंडाने पुन्हा कात टाकली. आता तो वेबपानासारखा आहे, फायरफॉक्समध्ये उघडतो, कॉकपिट या वेबवरून यंत्र सांभाळायच्या साधनाचा पाया वापरतो. बरीच वर्षं त्याचं काम चाललं होतं आणि आवृत्तीमागून आवृत्ती तो पुढे ढकलला जात होता. आणि तुंबा? आरे? गेले. पावलामागून पाऊल, डावीकडे टप्प्यांची यादी. सप्तपदी परत आली! बारा वर्षांपूर्वी सप्तपदी गेली म्हणून मी चौदा मुद्दे लिहिले होते. आता तुंबा गेला म्हणून दुसरे लोक लिहीत आहेत. त्यांतला एक मुद्दा, हाताने वाटणी करायची जुनी सोय हरवली हा, मला अक्षरशः माझाच वाटला. ओपनसुसे या दुसऱ्या लिनक्सनेही आपला जुना इन्स्टॉलर यास्ट बाजूला ठेवून 'अगामा' आणला आहे, तिथेही तेच सूर. मी मजेत वाचतो. मजेत म्हणजे, थोडं दुखतंही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली. ग्रंथालयात तोवर नवी यंत्रं आली होती, आणि तीही आता म्हातारी ठरली. मॅडम निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या जागी एक पंचविशीतला मुलगा आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. यंत्र सुरू करताना एफ १२ दाबलं, ते कुठून बूट व्हायचं हे निवडायला. माझ्या पाठांतरातलं तेवढं एकच अक्षर आता कामाला येतं.

संगणकाशेजारच्या लोखंडी कपाटावर, आतल्या बाजूने, सेलोटेपने चिकटवलेलं देवघेव कार्ड अजून होतं. सेलोटेप पिवळा पडलेला. बारीक, गोल अक्षर:

"आधी डीची प्रत काढावी. सर काढतात पण सांगत नाहीत.
भाषा इंग्लिश.
कोलकाता म्हणजेच आपण.
नारिंगी त्रिकोण दिसला तर घाबरू नये. आत जाऊन बाहेर यावं.
डन डावीकडे वर.
रिक्लेम म्हणजे पुसणं.
रूट म्हणजे मूळ. दोनदा दाबावं."

मुलगा म्हणाला, "सर, हे काढून टाकू का? यातलं काहीच आता नाहीये ना?" मी स्क्रीनकडे पाहिलं. तुंबा नव्हता, त्रिकोण नव्हता, डन नव्हतं.

"डीची प्रत काढलीस?" मी विचारलं.

"कशाची?"

मी कार्ड अलगद सोडवलं, मागची देवघेवीची बाजू वर केली. रकान्यांत १९९८ च्या तारखा होत्या, खाली निम्मं कोरं. माझी खुर्ची मागे ओढून घेतली आणि कार्ड आणि पेन त्याच्या हातात दिलं. "प्रत काढून घे आधी. मग तू कर, मी नुसता बसतो. आणि जिथे थांबशील ते लिही."